तुरा, टोपी आणि चेन

गेली काही वर्षे रत्नागिरीच्या मोहल्ल्यांतून एक तक्रार सतत कानावर येते. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या पालकसभेत, सगळीकडे तीच. पोरांना झाले आहे काय? हा कसला लिबास? राजिवड्यापासून मिरकरवाड्यापर्यंत संध्याकाळी कुठेही उभे राहा, तक्रारीचा विषय समोर दिसतो. दोन माणसे मावतील एवढा ढगळ टी-शर्ट, घोट्यावर गोळा झालेली पँट, कानाच्या वर दोन्ही बाजूंनी मशीन फिरवलेले आणि मध्ये रंगवलेले केस, गळ्यात जाड चेन, पायात फुगीर पांढरे बूट. मांडवीच्या किनाऱ्यावर मोबाईल उभा करून ही मुले व्हिडिओ काढतात, हात हलवत तोंडाने काहीतरी भरभर म्हणतात. ते रॅप असते.

तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे तीन शब्दांत मावते. नक्कल, दिखावा, आवारगी. यांपैकी तिसऱ्या शब्दाचा विचार येथे करण्याचे कारण नाही. आवारगी कपड्यांवरून ठरत नाही, हे तक्रार करणाऱ्यांनाही ठाऊक असते. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातली आवारगी आपण सर्वांनी पाहिली आहे. संगीत जायज की नाजायज हा वादही मी उघडत नाही. तो उलेमांचा प्रांत आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण नक्कल आणि दिखावा हे दोन आरोप मात्र गंभीर आहेत. दोन्हींविषयी आपल्या दीनमध्ये स्पष्ट विचार आहे आणि दोन्ही आरोप आपण फार सहजपणे, बहुधा चुकीच्या माणसावर करतो, असे मला वाटते.

आधी हा पोशाख आला कुठून ते पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या एका तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. त्याला लोक कूल हर्क म्हणत. हिप-हॉपचा जन्म त्या रात्री झाला, असे मानतात. ब्राँक्स त्या काळी पडझड झालेल्या इमारतींचा, बेकारीचा आणि काळ्या व लॅटिन वंशाच्या गरिबांचा भाग होता. ढगळ कपड्यांचे मूळ मोठ्या भावाच्या जुन्या कपड्यांत सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, पटण्यासारखे आहे. आपल्याकडेही ईदला मोठ्याचे कपडे धाकट्याला येतातच. योगायोग असा की त्याच १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत पैसा वाहू लागला आणि पुढच्या दहा वर्षांत कोकणातल्या मुसलमान घरांतला बापई माणूस बोटीवरून उतरून विमानात बसला. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

मुंबईत हे गाणे रुजायला वेळ लागला. कुर्ल्याचा नावेद शेख, ज्याला नेझी म्हणतात, त्याने २०१४ साली ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडच्या आधाराने तयार केले. त्यात स्टुडिओ नव्हता, कंपनी नव्हती. पुढच्या वर्षी अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर त्याचे ‘मेरे गली में’ आले. या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये लागला. त्याचा नायक मुराद हा धारावीतल्या मुसलमान ड्रायव्हरचा मुलगा. आपल्या पोरांनी तो किती वेळा पाहिला याची गणती नाही. मग पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतला अल्ताफ, म्हणजे एमसी स्टॅन, फेब्रुवारी २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ‘बिग बॉस’ या कार्यक्रमात जिंकला. त्याच्या गळ्यातली हिऱ्यांची चेन आणि ऐंशी हजारांचे बूट यांची चर्चा त्याच्या गाण्यांपेक्षा अधिक झाली. त्या फेब्रुवारीनंतर रत्नागिरीच्या केशकर्तनालयांत काय मागणी वाढली, ते कुठल्याही कारागिराला विचारावे.

आता नक्कल. जो ज्या कौमशी साम्य साधतो तो त्यांच्यातलाच होतो, या आशयाची अबू दाऊद यांच्या संग्रहातली हदीस आपल्याकडे या प्रसंगी हमखास सांगितली जाते. तशब्बुहचा हा विचार हलका नाही. जो समाज आपली ओळख टिकवू पाहतो त्याला हा प्रश्न पडणारच. परंतु साम्य नेमके कशाचे आणि कोणाशी, हे ठरवताना इतिहासाने माणसांची किती फजिती केली आहे, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या जुन्या फोटोंत लाल गोंडेदार तुर्की टोपी दिसते. कोकणातल्या अनेक घरांत ती टोपी घातलेला एखादा बुजुर्ग अजून भिंतीवर आहे. ती टोपी म्हणजे मुसलमान, असे समीकरण होते. अलीगढने ती शिरावर घेतली, खिलाफतीच्या चळवळीत ती अभिमानाने मिरवली गेली. या टोपीचा जन्म पाहा. उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली पगड्या बाजूला सारून आपल्या अंमलदारांना ती सक्तीची केली. त्या वेळी धर्मनिष्ठांना ती फिरंगी सुधारणांची निशाणी वाटली आणि त्या सुलतानाला लोक ‘काफिर बादशाह’ म्हणू लागले. शंभर वर्षे जाण्याआधी चक्र उलटे फिरले. १९२५ मध्ये मुस्तफा कमालने हीच टोपी कायद्याने बंद करून विलायती हॅट सक्तीची केली, तेव्हा तीच टोपी इस्लामची निशाणी ठरली आणि तिच्यासाठी लोकांनी जीव दिले. आतिफ होजा नावाच्या आलिमाने फिरंग्यांची नक्कल आणि हॅट या विषयावर पुस्तिका लिहिली होती. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांना फाशी झाली. आणखी एक गोष्ट. या टोप्या मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रियाच्या कारखान्यांतून येत. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा इस्तंबूलच्या लोकांनी रागाने टोप्यांवर बहिष्कार टाकला, आणि तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले की आपल्या डोक्यावरचा इस्लाम परक्यांच्या गिरणीत विणला जात होता.

हे सांगून मला आतिफ होजांची थट्टा करायची नाही. माणूस आपल्या टोपीसाठी मरतो तेव्हा तो कापडासाठी मरत नसतो. कोणी तरी दंडुका घेऊन मला माझ्यासारखे दिसू देत नाही, या अपमानासाठी तो मरतो. पण एका पिढीची नक्कल पुढच्या पिढीचा वारसा होते, हेही त्याच कहाणीत आहे. आपल्या पँट-शर्टाचेच पाहा. मुलांना नक्कल म्हणून रागावणारा पालक पँट-शर्टात असतो, आणि रागावणारा शिक्षकही.

शिवाय ही मुले नेमकी कोणाची नक्कल करतात? रॅपच्या दुनियेत मुसलमान सुरुवातीपासून आहेत. मोस डेफ या अमेरिकन गायकाच्या १९९९ सालच्या अल्बमची सुरुवात बिस्मिल्लाहने होते. फिलाडेल्फिया शहरात मुसलमान नसलेले काळे तरुणसुद्धा भरगच्च दाढी राखतात आणि तिला ‘सुन्नी दाढी’ म्हणतात. म्हणजे तिकडे ते आपली नक्कल करतात आणि आपला पोरगा इकडे त्यांच्याकडे बघून दाढी कोरतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत डॅपर डॅन नावाचा एक काळा शिंपी होता. १९८२ मध्ये त्याने दुकान काढले आणि बड्या विलायती कंपन्यांची चिन्हे चामड्यावर छापून तो रॅपर मंडळींना अशी जाकिटे शिवून देऊ लागला जी त्या कंपन्यांनी स्वप्नातही पाहिली नव्हती. कंपन्यांनी कायद्याचा बडगा दाखवला, १९९२ मध्ये दुकान बंद पडले. पंचवीस वर्षांनी, २०१७ साली, गुची या इटालियन कंपनीने त्याच्याच एका जुन्या जाकिटासारखे जाकीट आपले म्हणून दाखवले. बोभाटा झाला तेव्हा त्याच्याशी भागीदारी केली. नकली कोण आणि अस्सल कोण? उल्हासनगरचा ‘यूएसए’ आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, पण रामआळीत तीनशे रुपयांना मिळणाऱ्या टी-शर्टावर ज्या कंपनीचे नाव असते तिच्या सचोटीची हमी मी तरी देणार नाही.

नक्कल या शब्दाच्या भरात आपण आणखी एक गोष्ट विसरतो. गाणे आणि मिरवणे यांची जोडी आपल्याच मातीत जुनी आहे. गौरी-गणपतीत लांजा, संगमेश्वर, राजापूरकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. एका बाजूला शक्तिवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले, पायांत चाळ, झगमगीत पोशाख. रात्रभर पद्यातून सवाल, पद्यातून जवाब, समोरच्या शाहिराची उणीदुणी, त्याच्या गुरूची टर. ज्याला जवाब सुचत नाही त्याची हुर्यो. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "सर, म्हणजे बॅटल?" होय, बॅटलच. या परंपरेची आख्यायिका अशी की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांचा वाद काव्यातून रंगला. चंदेरीच्या राजाने खूश होऊन आपल्या मुकुटावरचा तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली. म्हणून कलगी-तुरा. पुढे कलगीवाले शक्तीचे उपासक, तुरेवाले शिवाचे. आख्यायिका म्हणून बाजूला ठेवले तरी महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या काव्यपरंपरेचे नाव डोक्यावरच्या दागिन्यावरून पडले आहे आणि तिच्या उगमाशी लोकांनी एक मुसलमान फकीर बसवला आहे, हे तर खरेच आहे. पेशवाईच्या अखेरीस लावण्या रचणारे शाहीर सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. तलवारींना धार लावणाऱ्या वस्तीतून ते आले होते. ‘बाल्या नाच’ हे नावही नाचणाऱ्यांच्या कानातल्या बाळीवरून आले, असे सांगतात. आजकाल पुण्या-मुंबईचे तरुण ढोलपथकात भिकबाळी घालतात तेव्हा वर्तमानपत्रे तिला परंपरा म्हणतात. आमच्या पोराने कानात काही घातले की ते चाळे ठरतात.

आणि फार मागे जायचे तर काब बिन जुहैर यांची हकिकत आठवावी. आधी त्यांनी पैगंबरांची (स.) आणि मुसलमानांची निंदा काव्यातून केली होती. मग जीव मुठीत धरून ते मदिनेला आले, कसीदा म्हटला, आणि हुजूरांनी (स.) आपल्या अंगावरची चादर त्यांना बहाल केली, अशी रिवायत आहे. शायराला मिळालेला तो लिबास होता. काल निंदा करणाऱ्या माणसाला मिळालेला.

दुसरा आरोप दिखाव्याचा. हा मला अधिक अवघड वाटतो. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. ज्याच्या मनात कणभर तकब्बुर असेल तो जन्नतमध्ये जाणार नाही, असे पैगंबरांनी (स.) सांगितले. तेव्हा एकाने विचारले की माणसाला आपले कपडे चांगले असावेत, आपले बूट चांगले असावेत असे वाटते, त्याचे काय? प्रश्न विचारणाऱ्याने बुटांचाच उल्लेख केला आहे हे ध्यानात घ्यावे. चौदाशे वर्षांपूर्वीही माणसाचे मन तिथेच अडकत होते. उत्तर मिळाले की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते. तकब्बुर म्हणजे सत्य झिडकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे.

या उत्तरावर मी अनेक वेळा विचार केला आहे. त्यात कपड्यांची किंमत नाही, माप नाही, रंग नाही. दोन कसोट्या आहेत. समोर आलेले खरे तू मान्य करतोस की नाही? आणि माणसांकडे तू वरून खाली बघतोस का? बुखारीत हजरत अबू बक्र (रजि.) यांचीही एक हकिकत आहे. अहंकाराने वस्त्र जमिनीवर ओढत नेणाऱ्याबद्दल ताकीद झाली तेव्हा ते म्हणाले, माझ्याही वस्त्राची एक बाजू घसरते, मी लक्ष ठेवले नाही तर. त्यांना सांगण्यात आले की तू अहंकाराने तसे करणाऱ्यांतला नाहीस. वस्त्र तेच, घसरणेही तेच, आणि निकाल वेगळा.

ही कसोटी पोराला लावण्याआधी आपल्याला लावून पाहू. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत आखातातून आमचे चाचे, मामू सुटीवर येत. बेलबॉटम, मोठ्या काचांचा गॉगल, मनगटावर राडो किंवा सिको, बोटात अंगठी, अंगाला अत्तर आणि खांद्यावर टू-इन-वन. तो टू-इन-वन ते मोहल्ल्यातून मोठ्या आवाजात वाजवत चालत, कव्वालीची किंवा सिनेमातल्या गाण्यांची कॅसेट लावून. पोरे मागे पळत. गाणे, कपडे आणि चालण्याची ऐट या तिन्ही गोष्टी तेव्हाही एकत्रच होत्या. कोणी त्यांना आवारा म्हटले नाही. म्हटले, माशाल्लाह, पोराने नशीब काढले. त्यांच्यासाठी मुली सांगून येत. त्यांच्या बोटातली अंगठी सोन्याची असली तरी कोणी मसला काढत नसे, वास्तविक पुरुषाला सोने मना आहे हे लहान मूलही सांगेल. आज मिरकरवाड्यातल्या खलाशाच्या पोराच्या गळ्यात दीडशे रुपयांची स्टीलची चेन असते. शरियतच्या दृष्टीने मामूंच्या अंगठीपेक्षा ती निर्धोक असावी. पण ती आपल्याला टोचते. का? कारण मामूंच्या झळाळीमागे दिरहम होते. पोराच्या झळाळीमागे काही नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्याकडे काही नाही त्याने झळकावे हेच आपल्याला सहन होत नाही. मग दिखाव्याचा आरोप करताना माणसाकडे वरून खाली कोण बघतो आहे?

आमच्या गावाला ही गोष्ट कळायला हवी. राज्य गेलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ पर्यंत येथे होता. इंग्रजांनी सत्ता काढून घेतली, फिरणे-भेटणे काढून घेतले, तरी त्याने दरबारी थाट सोडला नाही. त्यापायी जवळची रत्ने विकली. आज लोक तिकीट काढून त्याचा राजवाडा पाहतात आणि हळहळतात. राजाचा तो बडेजाव म्हणजे गेलेल्या इज्जतीला धरून राहणे, असे आपण समजून घेतो. ज्याला इज्जत कधी मिळालीच नाही, पोलीस ज्याच्या मोटरसायकलला नाव विचारून थांबवतात, बँकेत ज्याला पत्ता सांगितल्यावर पुन्हा एकदा कागद मागतात, तो पोरगा गळ्यात काहीतरी चमकणारे घालतो तेव्हा समजून घेण्याची आपली ताकद संपते.

येथवर वाचून माझे विद्यार्थी खूश होतील, म्हणून पुढचे त्यांच्यासाठी.

केसांचे आधी. डोक्याचा काही भाग भादरून काही ठेवणे, ज्याला कजअ म्हणतात, त्याची मनाई सहीह हदीसमध्ये आहे. मशीनने अगदी साफ भादरले की नुसते बारीक केले यावर आलिम बारकावे सांगतील, पण मी गोडगोड बोलून ही गोष्ट लपवणार नाही. हदीसमधल्या दोन कसोट्यांपैकी पहिली, खरे मान्य करण्याची, मुलांनाही लागू आहेच.

दुसरे, स्त्रियांबद्दलची भाषा. या गाण्यांपैकी बरीचशी आई-बहिणींवरून शिव्यांनी भरलेली असतात. वस्तीची भाषा अशीच असते, आम्ही खरे तेच गातो, असा बचाव केला जातो. वस्तीत राहणाऱ्या आईची भाषा तशी नसते. गोवंडीची सानिया एमक्यू नावाची मुलगी डोक्यावर हिजाब घेऊन रॅप करते, गरिबीवर बोलते, मुलींवर होणाऱ्या अन्यायावर बोलते. तीही वस्तीतलीच. तिला शिव्यांवाचून शब्द कमी पडत नाहीत. (मुलींच्या पोशाखाचा विषय वेगळ्या लेखाचा आहे. दुबईहून येणारे खड्यांचे, जरीचे बुरखे आणि त्याखाली पांढरे बूट पाहिले की झळाळी फक्त मुलांनाच हवी असते असे म्हणवत नाही. तिथे मात्र आपण मसला काढत नाही, किंमत विचारतो.)

तिसरी गोष्ट बुटांची, आणि माझे खरे भांडण तिथे आहे. हिप-हॉपमध्ये बुटांचे माहात्म्य मोठे. रन-डीएमसी या न्यूयॉर्कच्या मंडळींनी १९८६ साली आपल्या आदिदास बुटांवर गाणे केले, मैफलीत हजारो लोकांनी बूट हातात उंच धरले, आणि ते पाहून कंपनीने त्यांच्याशी दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. त्या गाण्यात गरीब वस्तीतल्या पोराकडे बूट पाहून गुन्हेगार म्हणू नका, असे सांगणे होते. करार झाला त्या दिवसापासून त्याच बुटांची जाहिरात झाली. नेमके येथे काहीतरी बिघडले, असे मला वाटते. मला माणूस म्हणून बघा, ही मागणी होती. माझे बूट बघा, एवढीच ती उरली. आणि ज्याच्याकडे ते बूट नाहीत त्या दुसऱ्या गरीब पोराकडे बूटवाला कसा बघतो? वरून खाली. हदीसमधली दुसरी कसोटी येथे पोरांनाच अडकवते. वर्गात मी रोज बघतो. नकली बूट घालणाऱ्याला ज्या नावाने चिडवतात ते नाव मी येथे लिहीत नाही. चिडवणाऱ्याचेही बहुधा नकलीच असतात, जरा बऱ्यापैकी नकली.

दहावीतल्या एका मुलाने कतारला असलेल्या वडिलांकडे साडेसहा हजारांचे बूट मागितले. मी त्याला हिशेब करायला सांगितला. वडिलांचा पगार किती, खोलीचे आणि जेवणाचे किती जातात, घरी किती पाठवतात. त्याने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. साडेआठ दिवस आले. उन्हाळ्यातले, इमारतीच्या कामावरचे साडेआठ दिवस. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, अब्बांनाही हे माहीत आहे. तेच म्हणाले, घे. म्हणाले, मी इथे कशासाठी आहे?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही पूर्ण उत्तर नाही. बाप स्वतः निळ्या डांगरीत राहतो आणि पोराने झळकावे असे त्याला वाटते. त्याच्या त्या वाटण्याला मी काय म्हणून दिखावा म्हणू? पण त्या बापाला कोणी हे सांगत नाही की नेझीने पहिले गाणे केले तेव्हा त्याला असे बूट लागले नव्हते, शब्द लागले होते. शक्ती-तुऱ्याचा शाहीर वर्षभर गुरूकडे पाठांतर करतो, पुराणातले, कुटातले सवाल तयार करतो, मग फेटा बांधून उभा राहतो. तुरा हा आधी कमावायचा असतो, अशी त्या आख्यायिकेची रीत आहे. आमची मुले तुऱ्यापासून सुरुवात करतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काढलेल्या व्हिडिओंत मी पोशाख पुष्कळ पाहिले, दुसऱ्यांची गाणी पुष्कळ ऐकली. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरची पहाट, पर्ससीनच्या भांडणात बुडालेली बोट, बंदीच्या दोन महिन्यांतली उधारी, आखातातल्या बापाचा आवाज फोनमध्ये मागेपुढे होणे, हे कोणी अजून गायले नाही. म्हणजे माल सगळा घरात पडला आहे आणि पोरे चेन विकत घेत फिरत आहेत.

उर्दू शाळेचा शिक्षक म्हणून एक गोष्ट मला विशेष खटकते. काफिया आणि रदीफ आम्ही नववी-दहावीला शिकवतो, परीक्षेपुरते. मुले व्याख्या पाठ करतात. तीच मुले मधल्या सुटीत पायरीवर बसून शेवटचा शब्द जुळवत असतात आणि चौथ्या ओळीत वजन का तुटले यावर भांडतात. आमच्या लक्षात येत नाही की हा तोच धडा आहे, कारण धडा शेरवानीत आला तरच आम्हाला ओळखू येतो.

शाळेने काय करावे हा प्रश्न व्यवहाराचा आहे. चेन दिसली की काढून घ्या, केस रंगवले की घरी पाठवा, असा अनेक शाळांचा शिरस्ता आहे. गणवेश मला मान्य आहे. सहा तास सगळे सारखे दिसावेत, बुटांची किंमत दिसू नये, यासाठी गणवेशासारखी दुसरी चांगली सोय नाही. काळे कॅनव्हासचे बूट सक्तीचे करावेत आणि ते ज्याला परवडत नाहीत त्याला शाळेने द्यावेत, असे माझे मत आहे. पण केसांसाठी दहावीच्या मुलाला घरी पाठवणे म्हणजे काय, ते कोकणातल्या शिक्षकाला समजावून सांगायला नको. घरी पाठवलेला मुलगा घरी जात नाही, तो जेटीवर जातो. तिथे त्याला कोणी केस विचारत नाही, त्या दिवशीच हजेरी मिळते. दोन-तीन हजेऱ्या हातात पडल्या की शाळेचा दाखला न्यायलासुद्धा तो येत नाही. केस दीड महिन्यात वाढतात.

गेल्या वर्षी संमेलनाच्या वेळी काही मुलांनी स्वतः लिहिलेले उर्दू-कोकणी मिसळीचे रॅप म्हणायची परवानगी मागितली. विषय होता एसटीचा पास. गाणे मी तपासले, एक शिवी नव्हती आणि दोन ठिकाणी मला खरोखर हसू आले. ज्येष्ठांचे म्हणणे पडले की गाणे म्हणा, पण शेरवानी-टोपीत म्हणा, नात आणि गजल म्हणणारी मुले घालतात तशी. मुलांनी आपसात विचार केला आणि नको म्हणाली. "शेरवानीत पासचे गाणे कोण ऐकेल, सर," एवढेच एकाने सांगितले. तो उद्धटपणे बोलला नव्हता.

मला त्याचे म्हणणे पटले आणि ज्येष्ठांची भीतीही कळली. यंदा मी असे सुचवले आहे की शक्ती-तुऱ्याच्या एका शाहिरांना शाळेत बोलवावे, त्यांनी फेट्यात यावे, मुलांनी त्यांच्या ढगळ शर्टात यावे, आणि एका तासाचा सवाल-जवाब व्हावा. शाहीर यायला तयार आहेत. त्यांनी फोनवर एकच गोष्ट विचारली, समोरची पोरे स्वतःचे रचतात की पाठ केलेले म्हणतात. मुलांना मी तो प्रश्न तसाच सांगितला आहे. संमेलनाला अजून दोन महिने आहेत. चेनबद्दल निर्णय झालेला नाही.